छातीचा फोटो

कुवेतला आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाचा एक तरी छातीचा फोटो कुठल्या ना कुठल्या फायलीत पडलेला आहे. आमच्या सांगली-मिरजेकडे जुनी माणसं एक्स-रेला अजूनही फोटोच म्हणतात. 'डॉक्टरनं छातीचा फोटो काढून आणाय सांगितलाय' असं म्हणत माणूस एसटीत बसतो. आपला हा फोटो एकदा निघतो भारतात, व्हिसाआधीच्या मेडिकलला, आणि दुसऱ्यांदा इथे उतरल्यावर, अकामा लागायच्या आधी. थंड पाटीला छाती टेकवायची, खांदे पुढे घ्यायचे, श्वास रोखायचा. पलीकडच्या टेबलावर दंडाला रबर बांधून रक्त घेतात. आठवड्याभराने एक शब्द कळतो, फिट किंवा अनफिट.

रक्त ज्या रोगांसाठी घेतात त्यांत एचआयव्ही असतो आणि फोटो काढतात तो मुख्यतः क्षयासाठी. या दोन तपासण्या एकाच रांगेत एकापाठोपाठ होतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे; त्या एकमेकींच्या शेजारी का असाव्यात याचा विचार करायला रांगेत उभं असताना कुणाला फुरसत नसते. मला ही जोडी आधीपासून माहीत होती. माझ्या आजोळी ती येऊन राहून गेली होती.

मामा ट्रकवर होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद भरायची आणि अहमदाबाद, इंदूर, कधी थेट दिल्ली. १९९८ च्या पावसाळ्यात तो खोकत घरी आला आणि पुन्हा गाडीवर चढला नाही. मी तेव्हा दहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले तर मामा सोप्यात खाटेवर, अंगावर दोन गोधड्या. आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकायची बंदी. विचारलं तर मोठ्यांचं उत्तर ठरलेलं, 'त्याला टीबी झालाय.' तेही हळू आवाजात. वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं रुग्णालय आमच्या भागाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. टीबी म्हटलं की लोक चार पावलं मागे सरायचे, पण उठून जायचे नाहीत. आमच्या घराने तो शब्द आडोशासारखा धरला होता. त्याच्यामागे जो दुसरा शब्द होता, तो कळला असता तर गल्लीच उठून गेली असती.

आडोसा होता, पण खोटं नव्हतं. मामाला टीबी होताच आणि तो टीबीनेच गेला. एचआयव्ही असलेल्या माणसांचा बहुधा असाच शेवट व्हायचा. एचआयव्ही स्वतः सहसा माणसाला मारत नाही. तो घराचं दार उघडून ठेवतो आणि दुसरं कुणीतरी आत येतं. आपल्या देशात आत येणारा बहुतेक वेळा क्षयाचा जंतू असतो आणि तो आधी फुप्फुसात बिऱ्हाड करतो.

हे सगळं मला लहानपणी कळण्यासारखं नव्हतं. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते, तेही समाजशास्त्रात एम.ए. करून, औषधशास्त्राशी माझा संबंध नाही. पण यंदा मामीचा खोकला सुरू झाला आणि मी सांगलीपासून तीन हजार किलोमीटरवर जलीबच्या दोन खोल्यांत बसून वाचायला लागले. अडलं तिथे आपल्या मंडळातल्या एका डॉक्टरताईंना फोन केले. त्यांनी कंटाळा न करता समजावून दिलं. त्यातलं जे मला पक्कं कळलं ते इथे लिहिते आहे. मामीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "नाव घालू नको. बाकी लिही की. लपवून लपवून तर तुझा मामा गेला."

पहिली बातमी फुप्फुसाचीच

एड्सची जगाला मिळालेली पहिली छापील बातमी ही फुप्फुसाच्या आजाराची होती, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकिगत आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. दोघे तोवर दगावलेही होते. हा न्यूमोनिया धडधाकट माणसाला होत नाही. त्याच सुमारास त्या केंद्रात औषधं पाठवण्याचं काम करणाऱ्या सँड्रा फोर्ड नावाच्या बाईंच्या लक्षात आलं होतं की या न्यूमोनियावरचं पेंटामिडीन हे क्वचित लागणारं औषध एकाएकी वारंवार मागवलं जातंय. विषाणूचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं. आधी फुप्फुसं बोलली, मग रक्त.

भारतात पहिले रुग्ण सापडले १९८६ मध्ये मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ते शोधून काढले. या सॉलोमनबाई लग्नाआधीच्या सुनीती गायतोंडे, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांची ओळख मला इतक्या उशिरा व्हावी याची हळहळ वाटली. पुढे लवकरच दिसून आलं की अमेरिकेत जी जागा न्यूमोसिस्टिसची, ती आपल्याकडे क्षयाची. कारण सरळ आहे. आपल्यातल्या असंख्य माणसांच्या छातीत क्षयाचा जंतू लहानपणापासून झोपलेला असतो. निरोगी माणसात तो जन्मभर झोपूनच राहतो, कारण शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधून टाकतं. ही भिंत बांधणाऱ्यांचा मुकादम म्हणजे सीडी-४ नावाची पांढरी पेशी. एचआयव्ही नेमका त्या मुकादमालाच मारतो. मुकादम गेला की भिंत ढासळते आणि आतला जागा होतो.

वर्गात मुलांना समजावून सांगावं तसं मी हे स्वतःला समजावलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. क्षयाचा जो डाग फोटोत दिसतो, फुप्फुसात जी पोकळी पडते, ती मोठ्या प्रमाणात आपल्याच शरीराने दिलेल्या लढाईची खूण असते. लढणारेच उरले नसतील तर खूणही नीट उमटत नाही. म्हणून एचआयव्ही फार वाढलेल्या माणसाचा छातीचा फोटो कधी कधी जवळजवळ स्वच्छ दिसतो. पोकळी नाही म्हणून थुंकीत जंतूही कमी उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. माणूस तापाने फणफणलेला, वजन निम्म्यावर आणि कागद सांगतात की काही नाही.

मामी सांगते, मामाचं असंच झालं होतं. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा 'निल'. फोटोवरून डॉक्टरांना ठामपणे सांगता येईना. औषध सुरू होईतो दीड महिना गेला. तो दीड महिना आमच्या घरात अनेक वर्षं कुणाच्या ना कुणाच्या नावावर लिहिला गेला. आजीने देवर्षाला दोष दिला, थोरल्या मामांनी डॉक्टरला, आणि काही जणांनी मामीला. आज वाचताना कळतं की त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनाच ते दिसणं कठीण होतं. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जंतूचे जनुकच शोधणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. आपल्याकडे त्या तपासणीला सीबीनॅट म्हणतात. दोनेक तासांत उत्तर मिळतं, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. मामाला ते बारा वर्षं उशिराचं होतं.

मामी

मामाच्या मागे मामीची तपासणी झाली २००१ मध्ये. तिच्यातही निघाला. मुलगा मात्र त्यातून सुटला. तो आज पुण्यात नोकरी करतो. सासरी मामीचं ताट-वाटी वेगळी झाली. ती बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाऊ लागली. गंधकाच्या धुरीचा वास साडीला कायमचा बसला. २००३ मध्ये तिलाही टीबी झाला. तो आठ महिन्यांच्या औषधाने बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग ठेवून गेला.

तेव्हा एचआयव्हीची औषधं बाजारात होती, पण आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधांचा कार्यक्रम सुरू केला. देशात फक्त आठ केंद्रं, त्यांत मुंबईचं जे. जे. हळूहळू केंद्रं वाढली. मामीच्या गोळ्या २००६ मध्ये सुरू झाल्या. सांगलीतच देहविक्रय करणाऱ्या बायकांना संघटित करणाऱ्या मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेचं काम १९९२ पासून चालू होतं. त्या कामामुळे एचआयव्ही म्हणजे नेमकं काय, हे जिल्ह्यात निदान उघडपणे बोललं तरी जाऊ लागलं होतं.

गोळ्यांबद्दल तेव्हा एक अफवा होती की या गोळ्या सुरू केल्या की माणूस जास्तच आजारी पडतो. अफवेच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती, हे आता वाचलं. औषधाने मुकादम परत कामावर येतात, त्यांना छातीत लपलेले जंतू दिसतात आणि ते एकदम तुटून पडतात. ताप येतो, गाठी सुजतात, फोटो आधीपेक्षा वाईट दिसतो. शरीर सुधारत असतानाची ही धुमश्चक्री असते. डॉक्टर ती ओळखतात आणि सांभाळून नेतात. म्हणूनच आधी टीबीचं औषध, मग काही आठवड्यांत एचआयव्हीचं, असा क्रम ठेवतात. पण ज्याला कुणी हे सांगितलंच नाही त्याने गोळ्या फेकून दिल्या तर त्याला दोष कसा द्यायचा?

मामीने एकही गोळी चुकवली नाही. आज एकोणीस वर्षं झाली. तिचा एक जुना गजराचा टाइमपीस आहे. तो रात्री नऊला वाजला की घरातलं कुणी काही विचारत नाही.

पुण्यातल्या आया

वाचता वाचता मला पुण्याच्या दोन अभ्यासांची माहिती मिळाली आणि त्यांनी मला फार दिवस सोडलं नाही. पुण्यात एड्स संशोधनाची मोठी परंपरा आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ पासूनची, आता तिचं नाव बदललं आहे. ससून रुग्णालयात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून बरीच वर्षं काम केलं आहे.

त्यांचा पहिला अभ्यास २००२ ते २००५ मधला. एचआयव्ही असलेल्या ७१५ बायकांवर बाळंतपणानंतर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या २४ जणींना क्षय झाला. क्षय झालेल्या २४ पैकी ३ दगावल्या. न झालेल्या ६९१ पैकी ७. आणि ज्या आईला क्षय झाला तिच्या बाळाच्या मृत्यूची शक्यताही इतर बाळांच्या तिप्पटीहून जास्त निघाली. आकडे लहान दिसतात. पण ही बाळंतिणीची गोष्ट आहे, हे लक्षात घेऊन ते पुन्हा वाचा. आपल्याकडे बाळंतीण खोकली तर 'वारा लागला असेल' म्हणतात. ती बारीक झाली तर 'अंगावर पाजतेय ना' म्हणतात. रात्री घाम आला तर शेगडीला दोष देतात. क्षयाची सगळी लक्षणं बाळंतपणाच्या पदराखाली झाकली जातात. कुणीतरी मोजलं म्हणून ती दिसली.

मग साहजिकच प्रश्न आला. एचआयव्ही असलेल्यांना क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिडची गोळी देतात. ती गरोदरपणातच सुरू केली तर? बाळंतपणापर्यंत थांबावं तरी कशाला? हे तपासायला आठ देशांतल्या ९५६ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात भारतातलं केंद्र पुण्याचंच. निम्म्या बायकांना गोळी गरोदरपणात मिळाली, निम्म्यांना बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी. कुणाला काय मिळतंय हे त्यांना वा डॉक्टरांना माहीत नव्हतं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. क्षयाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच आणि फारच कमी, कारण सगळ्याच बायका एचआयव्हीची औषधं घेत होत्या. पण गर्भ जाणं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं मूल होणं अशा घटना आधी गोळी घेतलेल्यांत शंभरात साधारण २४ आणि नंतर घेतलेल्यांत १७ निघाल्या.

म्हणजे जी गोळी भल्यासाठी म्हणून आधी द्यावी असं वाटत होतं, ती थोडी थांबून देणंच कदाचित बरं, असं दिसलं. त्यावर पुढे आणखी अभ्यास आणि वाद झाले आहेत. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. या बायकांनी, त्यांतल्या कित्येक आपल्या मायबोलीच्या, पोटात मूल असताना दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, रक्त दिलं, थुंकी दिली आणि कुणाला तरी बरोबर काय ते कळावं म्हणून आपलं शरीर मोजू दिलं. त्यांची नावं कुठे येणार नाहीत. यायलाही नकोत, त्यांच्या गल्लीसाठी. पण आज एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर गरोदर बाईला गोळी लिहिताना क्षणभर थांबून विचार करत असेल, तर ते त्यांचं देणं आहे.

तपासून काय करायचं

आता आपल्या कुवेतच्या फोटोकडे येते. इथेही तेच फुप्फुस आणि तेच रक्त तपासतात. फरक आहे तो तपासून पुढे काय करायचं यात. ससूनमध्ये दोन्ही सापडले तर उपचार सुरू होतात. इथे परदेशी माणसाच्या रक्तात एचआयव्ही निघाला तर अकामा मिळत नाही, परत जावं लागतं. नुसतं कुवेतच असं नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने अशी बंधनं असलेल्या ४८ देशांची आणि प्रदेशांची यादी काढली होती. यजमान देशाचा नियम आपण मानायचा असतो, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. मला त्या माणसाबद्दल बोलायचं आहे जो 'अनफिट' हा एकच शब्द घेऊन विमानात बसतो.

माझ्या माहेरच्या गावचा एक मुलगा असाच व्हिसाआधीच्या मेडिकलला अडकला. लहानपणी टीबी होऊन गेलेला, पूर्ण बरा झालेला, फक्त डाग राहिलेला. एजंटाला एक लाख देऊन झाले होते. केंद्रावर 'अनफिट' सांगितलं, का ते सांगितलं नाही. गावात परतल्यावर लोकांनी स्वतःच कारण ठरवलं आणि जे ठरवायचं तेच ठरवलं. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याला एचआयव्ही नव्हता. असता तरी लग्नाच्या बोलण्यांत गावाने निकाल द्यायचं काय कारण होतं?

शिक्का बसणं म्हणजे काय हे आपण जलीबवाल्यांनी वेगळं शिकायला नको. एप्रिल २०२० मध्ये महबुला आणि जलीब अल शुयूख हे दोन भाग कोरोनासाठी बंद केले, ते जवळजवळ तीन महिने. रस्त्यांना अडथळे लागले होते. अब्बासियाच्या दुकानांपुढे रांगा, गच्चीवरून दिसणारी सामसूम, डोक्यावरून न जाणारी विमानं. साथ आटोक्यात ठेवायला ते करावं लागलं असेल. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण राहत असताना फुप्फुसाचा रोग कसा पसरतो ते सांगायला नको. पण नंतरही कित्येक महिने 'कुठे राहता?' या प्रश्नाला 'जलीब' म्हटलं की समोरच्याचं पाऊल थोडं मागे सरकायचं. सल्मियात राहणाऱ्या आपल्याच ओळखीच्यांचंसुद्धा. मामीला मी तेव्हा फोनवर हे सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, "तीन महिन्यांत दमलीस? आम्ही वीस वर्षं काढली की गं."

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, ज्यांच्या ओळखीत कुणी परत पाठवला गेला आहे, त्यांनी त्याला एवढं जरूर सांगावं. भारतात उतरल्यावर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एआरटी केंद्र आहे, तिथे औषध मोफत आहे. २०१७ पासून सीडी-४ किती आहे हे न पाहता, निदान झालं की लगेच औषध सुरू करतात. क्षयाची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय तपासणी करणं, कुणाचं निदान उघड करणं आणि एचआयव्हीमुळे नोकरीत वा शाळेत भेदभाव करणं बंद केलं आहे. अनफिट हा शब्द व्हिसाच्या कागदापुरता आहे. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि राज्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यांतले बहुतेक जण सकाळी उठून कामावर जातात.

वाचलेल्यांचा खोकला

यंदा श्रावणात मामीचा खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे एकाच गोष्टीला घाबरलो. पुन्हा टीबी. एचआयव्ही असलेल्याला तो पुन्हाही होऊ शकतो. थुंकी सीबीनॅटला गेली. निगेटिव्ह आली. छातीचा फोटो काढला, त्यात जुनाच डाग. गोळ्यांमुळे रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी. मग दम का लागतो? जिना चढताना दोनदा का थांबावं लागतं?

डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं. ती तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. मामीने तिचं वर्णन केलं ते असं, "पोरी, चुलीत फुंकावं तसं फुंकलं, तरी ती बया म्हणती अजून जोरात, अजून जोरात." निदान निघालं सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या. मामीने जन्मात विडी ओढलेली नाही. पण चाळीस वर्षं चूल फुंकली आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं, की सीओपीडी फक्त सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग नाही. लाकूड, गोवऱ्या जाळून स्वयंपाक करणाऱ्या बायकांचाही आहे. मामीच्या छातीत चूल आहे, गंधकाची धुरी आहे, टीबीचा डाग आहे आणि एचआयव्हीही आहे. चौघांनी मिळून ते काम केलं.

डॉक्टरताईंनी सांगितलं की एचआयव्ही औषधाने दबला तरी शरीरात एक मंद धुमस चालू राहते आणि तिने फुप्फुसं वयाआधी म्हातारी होतात. अभ्यासकांचं लक्ष आता तिकडे वळलं आहे. एचआयव्हीची औषधं लवकर सुरू केल्याने फुप्फुसांची ताकद जास्त टिकते का, हे वेगवेगळ्या देशांतल्या हजारभर रुग्णांत पाहिलं. २०१६ च्या निकालात लवकर आणि उशिरा यांत फरक दिसला नाही. झिंबाब्वे आणि मलावीत जन्मतः एचआयव्ही असलेली मुलं औषधांवर मोठी होताहेत, पण त्यांतल्या अनेकांना दम लागतो. अशा ३४७ मुलांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा अझिथ्रोमायसिन देऊन पाहिलं. फुप्फुसाची ताकद वाढली नाही. मात्र दुखणं एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले. वाचताना मला माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची, खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राहणारी मुलं आठवली. त्यांच्यापैकी कुणाला काय होतं, हे मला कधी कळणार नाही.

या सगळ्यात एक विचित्र समाधान आहे. १९९८ मध्ये कुणी मामाच्या सीओपीडीची काळजी केली नसती, तेवढा तो जगणारच नव्हता. मामीला आता म्हातारपणाचे आजार होताहेत, कारण ती म्हातारी होते आहे. ते होणं हीच गेल्या वीस वर्षांच्या औषधांची कमाई आहे.

तिला श्वासात ओढायचा पंप दिला आहे. आधी तो ओढायचा कसा ते जमेना. व्हिडिओ कॉलवर इकडे मी रिकाम्या पंपाने करून दाखवायचे आणि तिकडे ती. मुलाने तिला घरात चूल पेटवायची बंदी केली आहे. ती दुपारी परसात गुपचूप पाणी तापवते, असा माझा संशय आहे.

इथे जलीबमध्ये धुळीचे दिवस आले की समोरची इमारत दिसत नाही. इथल्या अरबीत त्या धुळीला तोझ म्हणतात. त्या दिवशीही खाली मुलं सिमेंटची पोती उतरवत असतात, तोंडाला शेमाग गुंडाळून. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत दिसून आलं आहे की छातीत साचलेली दगडाची धूळ आणि एचआयव्ही एकत्र आले की क्षयाचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. आपल्या मुलांपैकी कुणाच्या छातीत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. मात्र दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी कणकण वाटू लागली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तर डॉक्टरकडे जा, एवढं सांगणं आपल्या हातात आहे. नोकरी जाईल या भीतीने मुलं खोकला खोकल्याच्या बाटलीत बुडवतात. त्या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही. पण मामाच्या वेळी गेलेला दीड महिना मला माहीत आहे.

दिवाळीत मामीला फटाक्यांचा धूर सोसत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती दारं-खिडक्या लावून आत बसते. यंदा मुलाने गल्लीतल्या पोरांना सांगून पाहिलं, तर पोरं म्हणाली, आजी, तुमच्या दारापुढे नाही वाजवणार, पलीकडच्या चौकात वाजवतो. ते ऐकून मामी मला म्हणाली, "बघ, एकेकाळी ह्या गल्लीतली माणसं माझ्या हातचं पाणी पीत न्हवती. आता त्यांचीच नातवंडं मला आजी म्हणून चौकात जायाला लागली." मग खोकली, थोडं पाणी प्याली आणि विचारलं, "तिकडं चकल्या कुरकुरीत झाल्या का गं? का हवेनं मऊ पडत्यात?"